थापटणे कोणाच्या हाती?

डिसेंबर 2012 मध्ये ‘कोलिंग’ ही संगणकीय भाषाविज्ञानाची जगन्मान्य परिषद पवईच्या आयआयटीत भरली. 1965 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली ही परिषद मुंबईआधी बीजिंगला झाली होती, मुंबईनंतर डब्लिनला गेली. 2010 च्या सुरुवातीला जागतिक वर्डनेट परिषदही पवईतच झाली होती. डिसेंबर 2023 मध्ये ‘आयकॉन’ ही या विषयाची भारतातली वार्षिक परिषद गोवा विद्यापीठाने भरवली आणि डिसेंबर 2025 मध्ये या विद्याशाखेच्या जागतिक संघटनेच्या आशियाई शाखेची परिषद पुन्हा मुंबईत आली. जगभरचे संशोधक यंत्राला भाषा कशी शिकवायची, याचा खल करायला इतक्या वेळा मराठीच्या दारात आले. दार उघडायला आपल्याकडून कोण गेले, हा मात्र अवघड प्रश्न आहे. संगणकशास्त्राचे प्राध्यापक गेले, अभियांत्रिकीचे विद्यार्थी गेले, आणि त्यांनी चांगले काम केले. मराठी विषय शिकवणारे, बोलींचा अभ्यास करणारे, व्याकरणात आयुष्य घालवणारे लोक तिथे अपवादानेच दिसतात. मराठीपुढची आजची खरी उणीव ही आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ती भरून काढण्याचे काम हौशी व्यक्तींवर सोडून चालणार नाही, ते विद्यापीठांनी आणि राज्याच्या मराठी भाषा विभागाने अंगावर घ्यायला हवे.

या परिषदा आपल्या ओळखीच्या चर्चासत्रांसारख्या नसतात, हे आधी सांगायला हवे. आपल्या महाविद्यालयांत ‘एकदिवसीय आंतरराष्ट्रीय चर्चासत्र’ नावाचा एक प्रकार रूढ झाला आहे. परदेशातला एखादा पाहुणा पडद्यावर बोलतो, त्यामुळे ते आंतरराष्ट्रीय ठरते. शुल्क भरले की निबंध छापला जातो, प्रमाणपत्र मिळते आणि बढतीच्या फाइलमध्ये एक कागद वाढतो. संगणकीय भाषाविज्ञानात परिषदेतला निबंध हाच संशोधनाचा मुख्य दस्तऐवज असतो. लेखकाला परीक्षक माहीत नसतो, परीक्षकाला लेखक. निबंधांचा मोठा भाग परत जातो. जे स्वीकारले जाते ते संघटनेच्या संग्रहात कायमचे राहते, आणि तो संग्रह जगातल्या कोणालाही फुकट वाचता येतो, धाराशिवच्या वाचनालयातूनही. कोणत्या भाषेचा कोणता मजकूर गोळा करायचा, यंत्राने कोणत्या परीक्षेत किती गुण मिळवले म्हणजे त्याला ती भाषा येते असे म्हणायचे, चूक कशाला म्हणायचे, हे सगळे संकेत या निबंधांतून आणि त्यांच्याभोवतीच्या चर्चांतून ठरतात. पुढे कंपन्या आणि सरकारे हेच संकेत उचलतात.

आता मराठीची तिथली स्थिती पाहू. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक होते. 2020 मध्ये याच संघटनेच्या मुख्य परिषदेत भारतातल्या संशोधकांनी एक गाजलेला निबंध मांडला. जगातल्या सुमारे अडीच हजार भाषांची, यंत्रासाठी उपलब्ध असलेल्या सामग्रीनुसार, शून्य ते पाच अशा सहा गटांत त्यांनी वाटणी केली. सर्वांत वरच्या गटात फक्त 7 भाषा होत्या: इंग्रजी, स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच, जपानी, अरबी आणि चिनी. हिंदी त्याखालच्या गटात. मराठी या दोन्ही गटांत नाही. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. वाक्यातला कोणता शब्द कोणत्या शब्दावर अवलंबून आहे, याची खूण करून तयार केलेले वाक्यसंच जगभर एकाच पद्धतीने ठेवले जातात. त्यात हिंदीच्या मुख्य संचात साडेसोळा हजारांहून अधिक वाक्ये आहेत. मराठीच्या संचात पाचशेसुद्धा नाहीत, आणि तोही प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाच्या छत्राखाली झाला. वाक्याचे पृथक्करण आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. हजारो शिक्षकांना जे काम डोळे मिटून येते, त्या कामात मराठीच्या नावावर पाचशे वाक्ये भरू नयेत, याचा दोष प्रागला देता येणार नाही.

तिसरे उदाहरण परीक्षेचे. भाषांतर करणाऱ्या यंत्रांची तुलना करायला जगभर ‘फ्लोरेस’ नावाचा चाचणीसंच वापरतात. त्यात मराठी आहे, ही चांगली गोष्ट. पण त्यातली सुमारे तीन हजार वाक्ये मुळात इंग्रजी बातम्या, मुलांची माहितीपुस्तके आणि प्रवास-मार्गदर्शिका यांतून घेतली आणि मग दोनशे भाषांत उतरवली. म्हणजे यंत्राला मराठी येते की नाही, हे आपण इंग्रजीत सुचलेल्या वाक्यांच्या मराठी अनुवादावरून ठरवतो. अशा परीक्षेत उत्तम गुण मिळवणारे यंत्र बाजार समितीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न समजेल, याची काहीच खात्री नाही. मद्रास आयआयटीच्या एआय4भारत गटाने 2023 मध्ये भारतीय विषय आणि रोजचे संवाद घेऊन ‘आयएन22’ हा संच केला, तो या उणिवेवरचा चांगला उपाय आहे. पण बावीस भाषांसाठी एकच संच करायचा म्हटले की प्रत्येक भाषेचे स्वतःचे खाचखळगे त्यात मावत नाहीत. ते तिच्या जाणकारांनीच दाखवून द्यावे लागतात.

इथे तेरची आठवण होणे स्वाभाविक आहे. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे हे गाव संत गोरोबाकाकांचे. त्यांच्या घरी संतमेळा जमला असता त्यांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून कोण पक्के आणि कोण कच्चे हे सांगितले, ही कथा मराठी घराघरांत माहीत आहे. नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ते रुसले आणि पुढे विसोबा खेचरांकडे गेले. या कथेत परीक्षेचा अधिकार कुंभाराला आहे, कारण माती, चाक आणि आवा यांच्याशी त्याचा जन्माचा संबंध आहे. मराठीच्या यंत्रांची परीक्षा घेणारे थापटणे मात्र सध्या ज्यांच्या हाती आहे, त्यांतल्या अनेकांनी ही माती कधी मळलेली नाही. त्यांचा हेतू वाईट नाही; ते थापटतात, आवाज बरा येतो, पुढे जातात.

मातीतला फरक किती आहे, हे याच जिल्ह्याच्या बोलण्यावरून कळते. ‘काय करायलास?’, ‘जायलोय’ ही रूपे धाराशिव-लातूरकडे रोजची आहेत. पुण्याच्या वर्तमानपत्री मराठीवर वाढलेल्या यंत्राला ती एक तर चूक वाटतात किंवा ‘करायला’, ‘जायला’ या निराळ्याच रूपांत ते त्यांना कोंबते. अभियंत्याला हा अपवाद वाटेल. बोलीच्या अभ्यासकाला ठाऊक असते की ही चालू काळाची नियमित व्यवस्था आहे, तिला पुरुष आणि वचन यांचे नियम आहेत, आणि पन्नास उदाहरणे नीट निवडून दिली तर पाच हजार उदाहरणांचे काम होते. प्रमाण मराठीतही हीच गोष्ट आहे. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा आपल्यासाठी एक शब्द. त्यात नाम, सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय, षष्ठीचा प्रत्यय, अनेकवचन, पुन्हा विभक्ती आणि शेवटी आणखी एक अव्यय आहे. मोकळ्या जागेवर शब्द तोडणाऱ्या, इंग्रजीच्या सवयीच्या यंत्राला हा एक अतिदुर्मीळ शब्द दिसतो. त्यात लिपीची भर. संगणकात रूढ असलेल्या साठवणपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘तेर’ हे दोन अक्षरी नाव मात्रेसह नऊ बाइट घेते, तेच रोमनमध्ये तीन. अनेक भाषाप्रारूपे मजकुराचे तुकडे करून त्या तुकड्यांवर आकार लावतात, म्हणून तेच म्हणणे मराठीत मांडले की ते महाग पडते. हा भेदभाव कोणी ठरवून केलेला नाही. तुकडे पाडताना मराठीचा जाणकार शेजारी नव्हता, एवढेच.

हे प्रश्न पुस्तकी राहिलेले नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राने पीएम-किसान योजनेसाठी ‘किसान ई-मित्र’ हा बोलणारा सहायक आणला. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले. पेरणी, कीड, विमा, अनुदान यांची विचारपूस यापुढे यंत्राशी बोलून करायची आहे. कळंब किंवा भूमच्या शेतकऱ्याला यंत्रासाठी पुणेरी बोलायला लावणे हा त्याच्यावरचा अन्याय तर आहेच, शिवाय योजनेचे पैसेही पाण्यात. हे पूर्वी कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. शेतमालाचे भाव फोनवरून विचारता यावेत, यासाठी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी टीआयएफआर आणि आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून त्याची ध्वनिमुद्रणे खुली केली आहेत. म्हणजे एका टोकाला बोलींची नोंद आहे, दुसऱ्या टोकाला यंत्र आहे. दोघांची गाठ परिषदेच्या सभागृहात पडायला हवी, तिथे पहिल्या टोकाचा माणूस पोचत नाही.

यावर पहिला आक्षेप खुद्द संगणकतज्ज्ञांकडून येतो, आणि तो हलका नाही. आयबीएममध्ये वाणी ओळखण्याचे पायाभूत काम करणारे फ्रेडरिक येलिनेक यांच्या नावावर एक शेरा सांगितला जातो: गटातला भाषाशास्त्रज्ञ कमी केला की यंत्राची अचूकता वाढते. गेल्या दहा वर्षांत तर भाषाप्रारूपांनी व्याकरण न शिकता, निव्वळ प्रचंड मजकूर वाचून, जे करून दाखवले आहे ते थक्क करणारे आहे. मग वैयाकरणाची गरज काय? गरज अशी की हा युक्तिवाद मजकुराच्या सुकाळावर उभा आहे. इंग्रजीत मजकूर इतका आहे की नियम न सांगताही ते यंत्राला गवसतात. मराठीत महाजालावरचा मजकूर त्या मानाने तुटपुंजा, आणि त्यातही बातम्यांचा भरणा. बोलींत तर जवळजवळ शून्य. पुण्याच्या एल3क्यूब गटाने मराठीचा सुमारे अडीच कोटी वाक्यांचा संग्रह करून 2022 मध्ये मार्सेय येथल्या परिषदेच्या कार्यशाळेत मांडला. विद्यार्थ्यांच्या बळावर उभे राहिलेले हे काम अभिमान वाटावा असे आहे, पण त्याचाही मोठा भाग बातम्यांचाच आहे. दुष्काळात पाणी कुठे लागेल हे सांगणाऱ्या जाणत्याची गरज अधिक असते. शिवाय मजकूर कितीही वाढला, तरी उत्तर बरोबर की चूक हे सांगणारा माणूस लागतोच. दोन्ही बाजूंनी एकत्र काम केले की काय होते, त्याचा दाखला आपल्याच भागात आहे: आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेट आणि गोवा विद्यापीठात कोंकणी वर्डनेट उभे राहिले, ते भाषेचे जाणकार आणि संगणकाचे जाणकार एकत्र बसले म्हणून.

दुसरा आक्षेप घरचा आहे: मराठीच्या प्राध्यापकांनी परदेशी विद्वानांच्या पंक्तीत बसायची हौस कशाला? त्यांनी इथे लिहावे, इथल्यांसाठी लिहावे. या आक्षेपाला इतिहास चांगले उत्तर देतो. 1874 मध्ये लंडनला प्राच्यविद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यासाठी रा. गो. भांडारकरांनी नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवरचा निबंध पाठवला. 1886 मध्ये ते स्वतः व्हिएन्नाच्या परिषदेला गेले. तोपर्यंत आपल्या लेण्यांबद्दल युरोपात जे बोलले जाई ते बहुतांशी आपल्याविना. भांडारकर गेल्यामुळे पाश्चात्त्य विद्वत्ता इथल्या पंडिताला उत्तरदायी झाली, आणि इथला पंडितही तिला. हे दुसरे अर्धे वाक्य महत्त्वाचे आहे. प्राचीन तगर नगर म्हणजे कोणते गाव, या वादात भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले होते. कोणी जुन्नर म्हणत होते, कोणी देवगिरी. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिले आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्के केले. भांडारकरांसारख्याचा अंदाज चुकला यात कमीपणा नाही. परीक्षेला बसलेला विद्वान चुकतो आणि दुरुस्त होतो. घरीच बसलेल्याची चूक तशीच राहते.

याच तेरबद्दल आणखी एक गोष्ट. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तगर हे फार मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून साधे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचला जात. तेरच्या वस्तुसंग्रहालयातल्या वस्तू हा व्यापार खरा होता हे सांगतात. पण त्या बाजाराचे जे वर्णन आपल्यापर्यंत आले ते परक्या व्यापाऱ्याच्या वहीतून आले आणि त्याच्या कामापुरतेच आले. काय विकत घ्यावे, ते त्यात आहे. विणणारे कोण, ते काय बोलत, हे नाही, कारण ते त्याच्या गरजेचे नव्हते. आज यंत्रांसाठी जो मराठी मजकूर भरून नेला जातो आहे, त्याचे वर्णनही घेणाऱ्याच्या सोयीनेच होईल. ते बदलायचे तर देणाऱ्याने वही हातात घ्यायला हवी.

याला जोडूनच एक रास्त भीती बोलून दाखवली जाते. आपण बोलींची ध्वनिमुद्रणे घेऊन परिषदेत गेलो तर बड्या कंपन्या ती फुकटात उचलतील आणि आपल्यालाच विकतील. भीती खरी आहे, पण घरात बसणे हा तिच्यावरचा उपाय नाही. महाजालावरचे मराठी आपल्याला न विचारताच उचलले जाते. न्यूझीलंडच्या माओरी समाजाने वेगळी वाट काढली. ‘ते हिकू मीडिया’ या त्यांच्या प्रसारणसंस्थेने लोकांना आवाहन करून दहा दिवसांत तीनशेहून अधिक तासांची माओरी वाणी ध्वनिमुद्रित केली, स्वतःचे वाणी ओळखणारे यंत्र केले, आणि त्या सामग्रीवरचा ताबा समाजाकडे राहील असा स्वतंत्र परवाना लिहिला. जगभरच्या परिषदांत आज त्याचा दाखला दिला जातो. अटी घालायच्या असतील तर अटी लिहिल्या जातात त्या ठिकाणी हजर राहावे लागते.

राहिला पैशाचा मुद्दा. दुष्काळी जिल्ह्यातल्या प्राध्यापकाला विमानाने परदेशी कशाला पाठवायचे, असे कोणी विचारील. पहिली गोष्ट, पवई आणि गोवा धाराशिवहून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. दुसरी, आपण भाषेसाठी खर्च करत नाही असे नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे सरकारी अनुदान 50 लाखांवरून 2 कोटींवर गेले आहे. जानेवारी 2020 मध्ये 93 वे संमेलन याच जिल्ह्यात, संत गोरोबाकाका साहित्यनगरीत भरले, आणि ते भरायलाच हवे होते. त्या अनुदानाचा दहावा भाग दरवर्षी वेगळा काढला तरी दहा-पंधरा अभ्यासकांचे देशातले आणि दोघा-तिघांचे परदेशातले जाणे-येणे, शुल्कासह, निघेल. आफ्रिकेने अधिक मोठा हट्ट धरला. 2018 मध्ये माँट्रियलच्या यंत्रशिक्षण परिषदेसाठी अनेक आफ्रिकी संशोधकांना व्हिसा नाकारला गेला. त्यावर एवढा गदारोळ झाला की यंत्रशिक्षणाची आणखी एक मोठी परिषद आफ्रिकेत न्यायचे ठरले. अदिस अबाबाचा बेत साथीमुळे बारगळला, पण 2023 मध्ये ती रवांडात किगालीला भरली. दरम्यान ‘मासाखाने’ या नावाने एकत्र आलेल्या तिथल्या भाषाप्रेमींनी, शिक्षक आणि अनुवादकांना लेखक म्हणून सोबत घेऊन, आपल्या भाषांवरचे निबंध मुख्य प्रवाहात आणले. आपल्याला तर इतक्या वेळा परिषद घरपोच मिळाली.

मराठी विभागांनाही यात झळ सोसावी लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही. आकडेवारी वाचता येणे, थोडी आज्ञावली समजणे, इंग्रजीतून चार पाने नेमके लिहिणे आणि अनोळखी परीक्षकाचा नकार पचवणे, हे आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सध्या नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत बरेच निबंध परत येतील. नियमावलीही आड येते: संगणकशास्त्रात ज्या परिषद-निबंधाला नियतकालिकाइतकी किंमत आहे, तो मराठीच्या प्राध्यापकाने लिहिला तर त्याच्या मूल्यमापनात दुय्यम धरला जाण्याची शक्यता असते. हे बदलायला पैसा लागत नाही, परिपत्रक लागते.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. त्या निमित्ताने जाहीर झालेल्या योजनांत पुरस्कार आहेत, भवने आहेत, ग्रंथांची पुनर्मुद्रणे आहेत. मराठी भाषा विभागाने त्यात एक छोटी ओळ वाढवावी: दरवर्षी राज्यातल्या मराठी आणि भाषाविज्ञान विभागांतले निवडक अभ्यासक, प्रत्येकी एका संगणकतज्ज्ञासह, संगणकीय भाषाविज्ञानाच्या परिषदांना पाठवले जातील, जाण्याची अट स्वीकारला गेलेला निबंध किंवा खुला केलेला मराठी चाचणीसंच. पहिल्या यादीत मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्राच्या परिसरातली बोली घ्यावी. तिचे बोलणारे आहेत, अभ्यासकही आहेत; नाव कोणी सुचवायचे, एवढेच विभागाने ठरवायचे आहे.